निदानाचे पैसे कोण देणार?

जुन्या दमदार गाडीच्या मालकाला दोन गोष्टी तोंडपाठ असतात. पेट्रोलचा भाव आणि मेस्त्रीचा मोबाईल नंबर. माझी २००२ सालची १.६ लिटरची पेट्रोल हॅचबॅक माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पळते झकास! पण गेल्या उन्हाळ्यात तिने डोक्याला शॉट दिला. मंचरच्या पुढे इंजिन चांगलं तापलं की गपकन बंद. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू.

शहरातल्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरचा कोड निघाला, सेन्सर बदलला. मग प्लग बदलले. मग फ्युएल पंप. बिल वाढत गेलं, गाडी बंद पडतच राहिली.

आता थोडं टेक्निकल. कोड म्हणजे नुसती तक्रार. अमुक सेन्सरचं रीडिंग विचित्र येतंय, एवढंच कंट्रोल युनिट सांगतं. दोष सेन्सरचा, वायरीचा की सायलेन्सरच्या गळतीचा, ते आपण शोधायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज एरर लॉग बघतो. प्रोग्राम ज्या ओळीवर कोसळला तिथेच बग असतो असं थोडंच आहे? त्यात आपल्याकडे ओबीडी सक्तीचं झालं ते २०१० पासून टप्प्याटप्प्याने. २००२ च्या गाडीच्या कोडवर किती विसंबायचं?

शेवटी केस सोडवली नारायणगावच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने. हा माणूस मुख्यतः ट्रॅक्टर आणि टोमॅटोचे पिकअप बघतो. त्याने एकही पार्ट काढला नाही. गाडी तापवली, बंद पडू दिली आणि मग तपासायला बसला. स्पार्क नाही. इंजेक्टरला पल्सही नाही. दोन्ही एकदम गेले म्हणजे कारण एकच. कंट्रोल युनिटला सप्लाय आहे, अर्थ ठीक. मग उरला क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे कंट्रोल युनिटला तोच कळवतो. त्याचा सिग्नल गेला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद. मीटर लावला तर कॉइल ओपन! गार झाल्यावर मोजलं तर रेझिस्टन्स व्यवस्थित. आतली बारीक तार तापली की संपर्क सोडत होती.

"दादा, बंद पडलेली असतानाच मोजायची. चालू गाडीत आजार सापडत नाय."

बिल किती? सेन्सर आणि तो बसवायची मजुरी. दोन तास डोकं चालवलं त्याचे पैसे त्याने लावलेच नाहीत. का, तर "त्याचे कोण देतं?"

माझं म्हणणं इथेच आहे. पार्टचे पैसे आपण निमूट देतो, निदानाचे द्यायचे म्हटलं की का-कू करतो. मग गॅरेजवाला पार्ट बदलूनच पोट भरणार ना! आणि हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचा नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, पिकअपमध्येही सेन्सर वाढले. टोमॅटो भरलेला पिकअप रस्त्यात अडकला तर शेतकऱ्याचा त्या दिवसाचा बाजार गेला. अशा वेळी जुन्नर-आंबेगावात मीटर वाचणारा माणूस जवळ हवा. पण त्या कामाला दामच नसेल तर पुढची पोरं ते शिकतील कशाला?

तेव्हा पुढच्या वेळी गाडी दाखवताना आधीच सांगा, "शोधायचे पैसे वेगळे देतो." आणि पार्ट बदलायच्या आधी एकच विचारा, "मोजलं काय?"