छाप खोटी, बिल खरे!

सरकारी खरेदीतली दलाली मोडून काढायची म्हणून 9 ऑगस्ट 2016 रोजी, ऐन क्रांतिदिनी, ‘जेम’ ही सरकारी ई-बाजारपेठ सुरू झाली. दरकरार करणारे जुने पुरवठा महासंचालनालय पुढच्याच वर्षी कायमचे बंद झाले. हेतू चोख होता. पण ब्रँडच्या रकान्यात दुसऱ्याचे नाव भरून आपला माल खपवणारा तिथे ठाण मांडून बसणार असेल, तर मोडले काय?

अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीतला, साकीनाक्याच्या गाळ्यातला, मुलुंडचा लहान उत्पादक वर्षानुवर्षे खपून नाव कमावतो. ट्रेडमार्क नोंदवतो, मालाच्या चाचण्या करून घेतो. हा सगळा खर्च त्याच्या दरात येतो. नावचोराला यातले काहीच लागत नाही, म्हणून तो स्वस्त आणि म्हणून तोच ‘एल-वन’, म्हणजे सर्वात कमी दराचा बोलीदार! ही स्पर्धा नव्हे, दरोडा आहे.

आणि तो पचतो कुठे? माल घेणाऱ्या कार्यालयाच्या दारात. माल आल्यावर 48 तासांत तात्पुरती पोच द्यायची आणि तो तपासून दहा दिवसांत स्वीकृतीचे प्रमाणपत्र. हे दहा दिवस खोका फोडण्यासाठी आहेत. प्रिंटरचा टोनर असेल तर त्याचे सील पाहा, कार्ट्रिज पुन्हा भरलेले तर नाही ना ते पाहा, अनुक्रमांक उत्पादकाकडे ताडून घ्या! खोका न उघडता सही ठोकणारा कर्मचारी या चोरीला सरकारी शिक्का देतो.

कायदा लुळा नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या छापेला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. ट्रेडमार्क नोंदणीचे मुख्य कार्यालय याच मुंबईत, अँटॉप हिलला आहे आणि नोंदी कुणालाही विनाशुल्क पाहता येतात. मग ‘जेम’वरच्या मालाच्या प्रत्येक नोंदीखाली ट्रेडमार्क क्रमांक किंवा उत्पादकाचे अधिकारपत्र खरेदीदाराला उघड दिसलेच पाहिजे. ज्याचा ब्रँड नाही, त्याने तसे छातीठोक लिहावे. विनाब्रँड माल विकणे हा गुन्हा नव्हे. प्रामाणिक उत्पादकाची ‘जेम’वरची ब्रँड-मंजुरीही रखडता कामा नये. ताटकळलेल्या माणसालाच आडवाट दाखवणारे भेटतात.

तक्रार आली की नोंद गुपचूप काढून टाकायची, एवढ्यावर आम्ही समाधान मानणार नाही. फौजदारी गुन्हा नोंदवा. बोरिवलीची शाळा असो की घाटकोपरचे रुग्णालय, न तपासता प्रमाणपत्र देणाऱ्याची चौकशी लावा आणि नुकसान त्याच्या पगारातून वसूल करा!