टेंट तुमचा, रेशन तुमचं, मग स्पितीला काय मिळालं?

आज दुकानाबाहेरचा विषय घेतोय, पण गणित आपलंच आहे.

स्पितीला गाडी घेऊन जाऊन कॅम्पिंग करायचं फॅड आपल्याकडे जोरात आहे. पुण्या-मुंबईची पोरं गाडीत टेंट, स्टोव्ह, तांदूळ-डाळ, मॅगीचे पुडे, पाण्याचे बॉक्स सगळं भरून निघतात. मग ‘आठ दिवसांत राहण्या-जेवणाचा खर्च झीरो’ असं कौतुकाने सांगतात. माझ्या मते यात कौतुक करण्यासारखं काही नाहीये.

मनालीकडून जाताना कुंझुम खिंड लागते, साधारण ४,५५० मीटरवर. हिवाळ्यात ती बर्फाने बंद असते. म्हणजे या बाजूचा गिऱ्हाईक तिथे जेमतेम चार-पाच महिनेच येतो. आता हिशोब करा. समजा एखाद्या होमस्टेचा वर्षाचा पक्का खर्च ३ लाख आहे. आपल्याकडे ३०० दिवस धंदा चालतो, तर रोजचे १,००० काढले की झालं. त्याला १२० दिवसच मिळतात, म्हणजे रोजचे २,५०० काढावे लागतात. वर सिलिंडरपासून साखरेपर्यंत बराचसा माल घाट चढून येतो. बातालच्या ढाब्यावर मॅगी महाग वाटली की आपण लगेच एमआरपी काढतो. अहो, एमआरपी बंद पुड्याची असते. त्या थंडीत गॅस पेटवून बशीत गरम वाढलेल्या मॅगीची नव्हे. (आपल्या कोपऱ्यावरचा चहावाला पावडरीच्या भावात चहा देतो का?)

आता दुसरी बाजू. टेंटवाला पैसे देत नाही, पण वापरतो मात्र सगळं. स्पितीत पाऊस नावालाच पडतो. शेतीला पाणी येतं ते वितळलेल्या बर्फाचं, ‘कूल’ म्हणतात त्या पाटांनी. आपण टेंट लावतो नेमका पाटाच्या कडेला, आणि सकाळचे विधी पण तिथेच. गावातली जुनी पद्धत बघा: कोरडा संडास, त्याचं खत होतं आणि शेतात जातं. पाणी लागतच नाही. एवढी शिस्त पाळणाऱ्या लोकांच्या पाटात आपण घाण करायची? चंद्रतालच्या काठावर टेंट लावायला बंदी आहे, कॅम्प काही किलोमीटर मागे असतात, ती उगाच नाही.

टेंट लावूच नका असं मी म्हणत नाही. पोरांकडे पैसे कमी असतात, आणि त्या आभाळाखाली झोपण्यात मजा आहेच. पण जागा कुणाची ते विचारा, भाडं द्या, निदान रात्रीचं जेवण गावातल्या घरात घ्या. कचरा गाडीत भरून खाली मनालीपर्यंत आणा. पेट्रोल मात्र मनालीतच फुल करून घ्या, पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. तिथे घासाघीस चालत नाही म्हणून कुणी कुरकुरत नाही, ही पण एक गंमतच!

आणि काझाच्या बाजारात ताजा मटार दिसला तर घ्या. तिथल्या शेतकऱ्याचं ते मुख्य नगदी पीक आहे, आणि स्टोव्हवर नुसता मीठ घालून उकडला तरी मस्त लागतो.