कोयत्याचा कायदा कोण लिहिणार?



आपल्यातलीच काही पोरं म्हणतात, कायद्यात पीएच.डी. करणं म्हणजे साहेब व्हायची हौस. चळवळ रस्त्यावर असते, लायब्ररीत नसते. बोलणाऱ्याच्या डोक्यावर बाबासाहेबांचा फोटो टांगलेला. हातात पुस्तक. ते काय उशाला घ्यायला दिलंय?

बाबासाहेब १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेले. पण तिथंच थांबले नाहीत. सवर्णांनी कोर्टात दावा लावला, तो त्यांनी १९३७ पर्यंत लढवला. हायकोर्टात सवर्णांना आपली प्रथा अनादी काळापासूनची आहे हे शाबीत करता आलं नाही. तळं पायांनी गाठलं, कोर्टात कागदानं जिंकलं. एका पायावर नाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता आमच्या नारायणगडाकडं बघा. दसऱ्याला गडावर माणूस मावत नाही. २०२४ च्या दसऱ्याला आरक्षणाचा मेळावा झाला, साऱ्या राज्यानं बघितला. दसरा सरला की इथल्याच गावांतून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात, ती कोण बघतं? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. हंगामात फिटली नाही तर पुढला हंगाम त्याचाच.

वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा. १९८२ ला आशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, किमान वेतनापेक्षा कमी दाम देऊन राबवणं ही सक्तीची मजुरी, कलम २३ चा भंग. मग उचल म्हणजे काय? ॲडव्हान्स, का साखळी? मोळी बांधणाऱ्या बाईची मजुरी नवऱ्याच्या नावावर का? हा प्रबंधाचा विषय आहे. तो एसीत बसलेला लिहिल का? लिहिला तर त्यात माणूस असंल का?

सत्तेला हे आपल्याआधी कळलंय. २०२२ साली केंद्रानं परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमात भारताची संस्कृती, इतिहास, समाज हे विषयच वगळले. म्हणजे जा, शिका, पण जातीवर बोलू नका! २०२३ ला बार्टीच्या ८६१ संशोधकांच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात धरणं धरावं लागलं. ज्या पीएच.डी.ला ते एवढे भितात, तिला तुम्ही हौस म्हणता?

मी जिनिंगात राबणारा. कापसाच्या गाठी मोजतो, वाचलं ते माझं मी. म्हणून सांगतो, वकिलीची सनद घेऊन तालुक्याच्या कोर्टात जामिनावर थांबू नका. एलएल.एम. करा, नेट द्या, प्रबंध लिहा. मुकादमाच्या वह्या, उचलीच्या चिठ्ठ्या, आयाबायांच्या जबान्या गोळा करा. आणि चळवळीनं त्या पोरीच्या मेसचे पैसे भरावेत. जयंतीचा एक डीजे कमी करा.

१९७८ चा ठराव, १९९४ चं नामांतर. मधल्या सोळा वर्षांत घरं जळाली, माणसं मेली. त्या गेटाशी दर १४ जानेवारीला फोटो काढून माघारी फिरायचं असंल, तर खुशाल फिरा.

नाहीतर आत शिरा.

जयभीम!