शब्दांचे सोवळे

दिवाळी आली की घरातली जळमटे काढायची, पितळेची भांडी चिंचेने लखलखीत करायची, जुनेपाने बोहारणीला द्यायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. (बोहारणीला आता काय म्हणायचे, हेही एकदा तिलाच विचारून घेतले पाहिजे!) अलीकडे या साफसफाईत भाषेचीही भर पडली आहे. पूर्वीचा आंधळा-पांगळा आता दिव्यांग झाला. झाडूवाल्याचा सफाई कर्मचारी झाला, हमालाचा माथाडी कामगार झाला. मोलकरीण तर बहुतेक घरांतून गेलीच आणि तिच्या जागी 'मावशी' आली. कॉलेजात जाणारी नात जेवताना घास हातात धरून म्हणते, "आजोबा, असं म्हणायचं नसतं हं आता!" आणि आजोबा आमटीची वाटी खाली ठेवून विचारतात, "म्हणजे आमच्या घरात आम्ही बोलायचीही चोरी का?"

हा संवाद आज घरोघर चालू आहे. व्याख्यानमालांत चालू आहे, दूरदर्शनच्या पडद्यावर तर चोवीस तास चालू आहे. एक पक्ष म्हणतो, शब्दांनी माणसे दुखावतात, तेव्हा ते जपून वापरा. दुसरा म्हणतो, असे जपू लागलो तर मोकळी चर्चा संपलीच. या प्रश्नावर माझे जे मत आहे ते दोन्ही पक्षांना थोडे थोडे रुचेल आणि थोडे थोडे झोंबेल. पण सणासुदीच्या फराळातही चिवडा तिखट असतोच.

आधी नातीची बाजू घेतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने गावोगावच्या वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. तेव्हा पुष्कळांनी विचारले, "पाटी बदलून नळाला पाणी येते काय?" नाही येत, हे खरेच. पण शाळेच्या अर्जावर पत्ता लिहिताना ज्या मुलाचा हात अडखळतो, त्याला विचारा. त्याच्या पत्त्यातच त्याची जात लिहिलेली असते. पोस्टमनने वाचायची, मास्तरांनी वाचायची, नोकरी देणाऱ्याने वाचायची. तो शब्द गेला तर त्याच्या पाठीवरचे एक ओझे तरी उतरले. शब्द नुसता वारा नसतो, कधी तो चाबूकही असतो. म्हणून तर आपल्या घटनेच्या कलम १९ ने भाषणाचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमात वाजवी निर्बंधांचीही सोय ठेवली. जातीवरून चारचौघांत अपमान करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा १९८९ साली झाला. तेव्हा शिवी हासडायची आणि वर "मी मोकळेपणाने बोललो" म्हणायचे, हा मोकळेपणा नव्हे.

इथवर नातीचे बरोबर. पण नवा, गोड, सोवळा शब्द ठरवायचा कोणी? आणि तो ठरला म्हणजे काम झाले काय? याबद्दल आपल्याच इतिहासात एक मोठा धडा आहे.

१९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द उचलला. शब्द किती गोड! हरीचे जन. हेतूबद्दल शंका घेण्याचेही कारण नाही. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक पुण्याहून निघाले. पहिल्या अंकासाठी डॉ. आंबेडकरांकडे संदेश मागितला गेला. त्यांनी संदेश द्यायचे नाकारले आणि एक छोटेसे निवेदन मात्र पाठवले. त्याचा मथितार्थ असा, की अस्पृश्य हे जातिव्यवस्थेचेच अपत्य आहे, आणि जाती आहेत तोवर अस्पृश्यही राहणार. गांधीजींनी ते निवेदन पहिल्याच अंकात छापले आणि त्याबरोबर आपले उत्तरही छापले. मतभेद टोकाचा, पण एकाने दुसऱ्याचे तोंड बंद केले नाही. आजच्या चर्चावाल्यांनी हा अंक एकदा डोळ्यांखालून घालावा.

पुढे जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात 'हरिजन' हा शब्द आला. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याला विरोध केला. ज्यांना हे नाव द्यायचे त्यांनाच ते नको होते. बहुमतापुढे त्यांचे काही चालले नाही, तेव्हा ते सारे सभागृहातून उठून गेले. एवढा गोड शब्द, आणि त्याचा एवढा राग का?

याचे उत्तर मला शाळेतल्या व्याकरणात सापडते. आंबेडकरांनी स्वतः काढलेल्या पत्रांची नावे पाहा: १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. ही काही कानाला गोड लागणारी नावे नव्हेत. पण 'बहिष्कृत' म्हटले की लगेच प्रश्न येतो, बहिष्कार कोणी घातला? 'दलित' म्हटले की विचारावे लागते, दळले कोणी? या शब्दांच्या पोटात एक कर्ता दडलेला आहे, आणि तो उठून उभा राहिला की आपल्यापैकी अनेकांना मान खाली घालावी लागते. आता 'हरिजन' घ्या. हरिजन कोणी केले? हरीने! झाले, कर्ता देवाघरी गेला आणि आपण सुटलो. विहीर तिथेच, देऊळ तिथेच, आपण तिथेच. बदलला तो फक्त शब्द, आणि तोही आपल्या समाधानासाठी.

१९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. १९७२ साली 'दलित पँथर' निघाली. म्हणजे 'दलित' हा शब्द त्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने, छाती पुढे काढून घेतलेला. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने दूरचित्रवाणी वाहिन्यांना सल्ला दिला, की 'दलित' म्हणू नका, 'अनुसूचित जाती' म्हणा. सरकारी कागदावर घटनेतला शब्द असावा, हे ठीकच आहे. पण बातमीत, भाषणात, वादात? तिथे 'अनुसूचित' म्हटले की कर्ता पुन्हा गायब. अनुसूचित कोणी केले? सूचीने!

शब्दांच्या सोवळ्याचा दुसरा प्रकार याहून बेरकी आहे. त्यात गोड शब्द लादायचा नसतो, कडू शब्दाने रागावायचे असते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली. साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाने त्या निमित्ताने विशेषांक काढला. त्याचे काम अनिल अवचट यांच्याकडे होते. त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. खेड्यात दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्याला पन्नास रुपये दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला त्याहून कितीतरी मोठा, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. ध्वजाविषयीची त्यांची भाषा जळजळीत होती. मला स्वतःला ती आजही बोचते. पण त्यानंतर महाराष्ट्रात जे वादळ उठले ते त्या भाषेवरून. ध्वजाबद्दल असे लिहावे काय, साप्ताहिकाने ते छापावे काय, यावर रकानेच्या रकाने भरले. त्या बाईचे पुढे काय झाले, पन्नास रुपयांत तिची अब्रू मोजणाऱ्या व्यवस्थेचे काय, हे विचारणारे आवाज त्या गदारोळात बुडाले. शब्दावर रागावण्याची ही मोठी सोय आहे. रागही येतो, कर्तव्य केल्यासारखेही वाटते आणि मुद्द्याचे उत्तर द्यावे लागत नाही.

हे सारे पन्नास-नव्वद वर्षांपूर्वीचे, असे म्हणून कुणी पान उलटू नये. मध्यंतरी एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला मी बसलो होतो. लिफ्टजवळ एक पाटी होती: 'घरकामास येणाऱ्या मावशींनी कृपया जिन्याचा वापर करावा.' 'मावशी'ही होती आणि 'कृपया'ही होती. सभ्यतेत काही उणे नव्हते! तिसऱ्या मजल्यावरची एक सूनबाई उठून म्हणाली, "ही शिवाशिव आहे." झाले! सभागृह पेटले. "शब्द मागे घ्या!" "सुशिक्षितांच्या सोसायटीत अशी भाषा?" चिटणीस काकुळतीने म्हणाले, "वहिनी, तेवढा एक शब्द मागे घ्या, म्हणजे पुढचा विषय घेता येईल." ती म्हणाली, "घेते, काका. तुम्ही पाटी मागे घ्या." पाऊण तास शब्दावर गेला, पाटीवर पाच मिनिटेही नाहीत. इतिवृत्तात लिहिले गेले: 'लिफ्टच्या सुयोग्य वापराबाबत चर्चा झाली.' पाटी जागेवरच राहिली. आणि पाचव्या मजल्यावर पोळ्या करायला जाणारी बाई चौथ्या मजल्याच्या पायरीवर गुडघा धरून टेकते, तीही तशीच टेकत राहिली. तिला सभेत कुणी बोलावले नव्हते.

'मावशी' या शब्दाला माझा विरोध नाही. मायेने म्हणावा, जरूर म्हणावा. पण मावशीला महिन्याचा पगार किती, हे कुणी विचारत नाही. मावशी पगारी रजा मागत नाही. २००८ साली आपल्या राज्यात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात त्यांना 'घरेलू कामगार' म्हटले आहे. शब्द रुक्ष खरा, पण कामगार म्हटले की समोर मालक उभा राहतो, आणि तो मालक म्हणजे तुम्ही-आम्ही. मायेच्या शब्दाने तेवढा एक माणूस चित्रातून नाहीसा होतो.

म्हणून नातीला माझे सांगणे असे: शब्द सुधारावा, पण आधी दोन गोष्टी पाहाव्यात. ज्याच्याबद्दल तो आहे त्याला तो हवा आहे का, हे त्यालाच विचारावे. आणि नव्या शब्दामागे कोणी लपत तर नाही ना, हे तपासावे. शिवाय आजोबांना "असे म्हणायचे नसते" एवढेच सांगून थांबू नये. का नसते तेही सांगावे. नुसते गप्प केलेला माणूस मत बदलत नाही, ते पोटात ठेवून बसतो.

आणि आजोबांना सांगणे असे: तुम्हाला कुणी उलट उत्तर दिले म्हणजे तुमच्या बोलण्याची चोरी झाली, असे समजू नये. तुम्ही बोललात, ती बोलली. स्वातंत्र्य म्हणतात ते यालाच. जेवणाच्या पाटावर असा वाद रोज होवो. आमटी निवली तर पुन्हा गरम करता येते.

बाकी यंदा बोनसचे पाकीट देताना मावशींना एकदा विचारावे, की लिफ्टचे कसे करायचे. त्यांचे उत्तर आपल्या कानांना गोड लागेलच असे नाही. पण पुढच्या सभेच्या इतिवृत्तात ते त्यांच्याच शब्दांत लिहिले जावे.