पकडीचा कैवार

31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या पर्वाचा अंतिम सामना झाला आणि त्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणचा 31-28 असा, म्हणजे अवघ्या तीन गुणांनी, पराभव केला. महाराष्ट्रात ही वार्ता इतर क्रीडावार्तांसारखीच वाचली गेली असेल. परंतु बेळगाव, खानापूर आणि निपाणी या टापूत तिच्या मागोमाग येणारा दिवस 1 नोव्हेंबरचा होता, आणि 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपासून हा दिवस येथे दोन परस्परविरुद्ध रीतींनी पाळला जातो: एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, तर दुसरीकडे मराठी जनता त्याला काळा दिन म्हणते. अशा दिवसाच्या पूर्वरात्री पुण्याचा संघ हरल्यावर त्या हारजितीवर कोणता रंग चढवला गेला असेल, याविषयी दूरस्थ माणूस सहज तर्क करील, आणि तो तर्क बव्हंशी चुकेल. पुढल्या आठवडाभर येथील कबड्डीवेड्या मंडळींत जे वाद माझ्या कानी आले, त्यांत सरहद्दीचा उल्लेख क्वचित आणि डाव्या कोपऱ्याचा उल्लेख वारंवार होता.

या मंडळींची अडचण मुळातली आहे. 2014 सालच्या जुलै महिन्यात ही लीग सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबईचा आणि पुण्याचा असे दोन संघ आले, कर्नाटकाच्या वाट्याला बंगळूरचा एक आला, आणि बेळगावच्या वाट्याला, त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला दप्तरी नाव बदलून मिळाले असले तरी, संघ काही आला नाही. तो येण्याची अपेक्षाही कोणी केली नव्हती. पण त्यामुळे झाले असे की येथील प्रेक्षकाला आपला संघ जन्मतः लाभत नाही, तो त्याला निवडावा लागतो. आणि सीमाभागात कोणतीही निवड केली की तिच्याकडे एखाद्या प्रतिज्ञापत्राकडे पाहावे तसे पाहणारे लोक दोन्ही बाजूंना सदैव हजर असतात. दुसऱ्याच वर्षी, 23 ऑगस्ट 2015 रोजी, मुंबईत यू मुंबा आणि बंगळूर बुल्स यांच्यातच अंतिम सामना व्हावा, हा तर दैवाचा खोडसाळपणाच म्हणायचा. अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली मुंबईने तो 36-30 असा जिंकला. त्या काळी निपाणीत मुंबईचे समर्थक अधिक आणि बेळगावात दोन्हीकडचे, अशी साधारण वाटणी दिसत असे. पण मराठी घरात बंगळूरच्या मनजित छिल्लरची वाहवा करणारी मुले त्याही वेळी होतीच, आणि त्याबद्दल त्यांना कोणी वाळीत टाकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पुढे तर ही वाटणी इतकी गुंतत गेली की तिचा निवाडा करणे कोणा आयोगालाही जमले नसते. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने आपले पहिले विजेतेपद मिळवले, त्या संघाचा कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता, पण त्याचा प्रशिक्षक होता बी. सी. रमेश, म्हणजे कर्नाटकाचा जुना नामांकित खेळाडू आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी, ज्याने त्याआधी बंगळूर बुल्सच्या प्रशिक्षकवर्गात काम केले होते आणि जो 2025 च्या पर्वात पुन्हा बंगळूरचाच मुख्य प्रशिक्षक झाला. आणि त्या दिवशी पुण्यासमोर हरणारा संघ कोणता, तर हरियाणा स्टीलर्स, ज्याच्या ताफ्यात सिद्धार्थ देसाई होता. सिद्धार्थ हा चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. चंदगड तालुका दप्तराप्रमाणे कोल्हापूर जिल्ह्यात मोडत असला, तरी तेथल्या माणसाचा बाजारहाट, दवाखाना आणि मुलांचे महाविद्यालय यांची वाट पिढ्यान्पिढ्या बेळगावकडेच वळलेली आहे. सबब बेळगावचा माणूस सिद्धार्थला परका मानीत नाही. मराठी संघाला शिकवणारा कन्नड गुरू, आणि त्या संघाच्या विरुद्ध हरियाणाच्या वेषात उभा असलेला आपल्या पंचक्रोशीतला पोर! या सामन्यात अस्मितेच्या नावाने टाळी वाजवायची तर ती नक्की केव्हा वाजवायची, हे ज्याला सांगता येईल त्याला मी दंडवत घालीन. बेळगावच्या प्रेक्षकाने या पेचातून स्वतःपुरता मार्ग काढला आहे: तो संघाचे नाव बाजूला ठेवून खेळावर बोलतो. निष्ठा वाटून गेलेली असली की बुद्धी काहीशी मोकळी होते, असे मला वाटते; निदान अंतिम सामन्यानंतर येथे जी चर्चा ऐकू आली, ती पुण्यामुंबईच्या एकनिष्ठ चाहत्यांच्या चर्चेपेक्षा पुष्कळच मुद्देसूद होती.

तिचा मुख्य मुद्दा असा. कबड्डीच्या लीगमध्ये कीर्ती मिळते ती चढाईपटूला. 2017 च्या पर्वात पाटण्याच्या प्रदीप नरवालने चढाईचे 369 गुण मिळवले आणि अंतिम सामन्यात त्याच्या संघाने गुजरातला 55-38 असे लोळवले. 5 जानेवारी 2019 च्या अंतिम सामन्यात बंगळूरच्या पवन सेहरावतने एकट्याने 22 गुण घेतले आणि 38-33 असा विजय ओढून आणला. या दोन रात्रींनी एका पिढीच्या मनावर जो संस्कार केला, तो अद्याप पुसलेला नाही. त्या पिढीच्या मते प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाऊन चार गडी मारून येणारा एक वीर तुमच्याकडे असला की बाद फेरीची चिंता करावी लागत नाही, आणि संघ हरला तर दोष त्या वीराचा, अथवा त्याला वेळेवर न पाठवणाऱ्या प्रशिक्षकाचा. बेळगावातही हा पक्ष आहे आणि बंगळूरच्या समर्थकांत तो विशेष प्रबळ आहे. पवनच्या त्या 22 गुणांचा हवाला दिला की आपला मामला फैसल झाला, असेच त्यांना वाटते.

परंतु अलीकडचे आकडे या पक्षाच्या विरुद्ध साक्ष देतात. 2022 च्या डिसेंबरात जयपूरने पुण्याला हरवले ते 33-29 असे. 2024 च्या मार्चमध्ये पुण्याने हरियाणाला 28-25, त्याच वर्षाअखेर बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला 32-23, आणि आता दिल्लीने पुण्याला 31-28. सलग चार अंतिम सामन्यांत विजेत्याला 33 च्या पलीकडे जाता आले नाही, आणि त्याआधीच्या चारांत मात्र एकही विजेता 37 च्या खाली थांबला नव्हता. बाद फेरीचा स्वभावच बदललेला आहे. सातही क्षेत्ररक्षक आता एकमेकांच्या हाताची साखळी सांभाळून, चढाईपटूच्या चित्रफिती पाहून, तो कोणत्या पायाने वळतो हे पाठ करून मैदानात उतरतात. आणि चढाईपटूकडे तर पूर्वीइतकेच, म्हणजे तीसच सेकंद असतात.

त्याहून बोलका पुरावा डाव्या कोपऱ्याचा आहे. इराणचा मोहम्मदरझा शादलूई हा डावा कोपरारक्षक 2 कोटी 35 लाखांना पुण्याने घेतला, त्याने त्या पर्वात पकडीचे 99 गुण मिळवले आणि पुणे विजेते झाले. पुढल्या लिलावात तो 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेते झाले. त्याच्या पुढल्या वर्षी दिल्ली विजेती झाली, तेव्हा तिच्या डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली उभा होता, तोही इराणचाच, 2015 साली यू मुंबाच्या विजयी संघात असलेला आणि 2022 च्या पराभूत अंतिम सामन्यात खुद्द पुणेरी पलटणचा कर्णधार असलेला. दिल्लीतल्या त्या रात्री आदित्य शिंदेच्या चढायांनी पुण्याला शेवटपर्यंत झुंजत ठेवले, आणि शेवटच्या क्षणांत ज्या पकडीने सामना संपला, ती फझलची होती. ज्या दोन कोपरारक्षकांनी तीन पर्वांत तीन संघांना करंडक मिळवून दिले, ते दोघेही कधी ना कधी पुण्याच्या पदरी होते आणि दोघांनाही पुण्याने जाऊ दिले. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या जाणत्या गृहस्थांनी यावर दिलेला अभिप्राय मला तंतोतंत पटला: ‘घराची राखण करणारा सोडला की ओ त्यांनी, आणि आता चोरी झाली म्हणून रडालेत!’

याला उत्तर नाही असे नाही. फझलला सोडून शादलूईला घेण्याचा व्यवहार पुण्याला फळला होता हे उघड आहे. शादलूईला सोडण्यालाही कारण होते: संघाच्या तिजोरीत एकूण 5 कोटी, आणि त्यातली जवळपास अर्धी रक्कम एका गड्यावर खर्च केली तर उरलेले सहा कोठून आणायचे? शिवाय त्याच्यावाचूनही पुणे 2025 च्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले, म्हणजे संघबांधणी काही फसली असे म्हणता येत नाही. चढाईच्या पक्षाचे वकील हेही दाखवतील की 2024 च्या विजयात पंकज मोहितेच्या चार गुणांच्या एका चढाईने सामन्याचे पारडे फिरवले होते. हे सर्व मान्य करूनही माझा कौल पकडीच्या बाजूनेच राहतो, कारण साखळी फेरीत एका दिवसाची चूक दुसऱ्या दिवशी भरून निघते, चढाईपटूला सूर सापडायला वेळ मिळतो. अंतिम सामन्यात तसा वेळ कोणी देत नाही, आणि चढाई फसली की हातचा गडीही जातो. पकड मात्र एका गुणाबरोबर प्रतिस्पर्ध्याचा हुकमी माणूस बाहेर बसवते, आणि मैदानात तीन अथवा त्याहून कमी गडी उरले असताना जमली तर दोन गुण देते. हरता हरता सामना फिरतो तो येथे.

दुसरा वाद तिसऱ्या चढाईचा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. या नियमाचा आधार घेऊन आघाडीवरचा संघ अखेरच्या पाच मिनिटांत निदान रेषा ओलांडून परत येण्यापलीकडे काही करीत नाही. दोन्ही बाजूंच्या दोन दोन चढाया अशा गेल्या की दोन मिनिटे सरतात आणि गुणफलक जागचा हलत नाही. जुने लोक याला भित्रेपणा म्हणतात. हुतूतूच्या काळी अंगात माती भरेपर्यंत झुंजलेल्या माणसाला ही घड्याळाची मुत्सद्देगिरी सहन होणार नाही, हे मला समजते. बेळगावातल्या आनंदवाडीच्या कुस्ती आखाड्यातही नुसता वेळ काढणाऱ्या पैलवानाला प्रेक्षक स्वस्थ बसू देत नाहीत. तरीही आघाडी राखणे हा गुन्हा नव्हे. पिछाडीवर असलेल्या संघाला ती मोडण्याची तिसऱ्या चढाईवरची पकड हीच खरी संधी असते, आणि ती साधता येत नसेल तर तक्रार घड्याळाविरुद्ध न करता आपल्या कोपऱ्यांविरुद्ध करावी.

मात्र एका बाबतीत आमच्या मंडळींचा निवाडा मला अन्यायाचा वाटतो, आणि ती बाब सिद्धार्थ देसाईची आहे. 2018 साली यू मुंबाकडून पहिल्याच पर्वात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले, पुढल्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतले, आणि त्या दिवसापासून चंदगड-बेळगावच्या प्रत्येक चर्चेत त्याचा प्रत्येक गुण त्या रकमेने भागला जाऊ लागला. आठव्या पर्वाच्या आरंभीच दुखापतीने तो जायबंदी झाला, तरी भागाकार थांबला नाही. लिलावाची किंमत ठरवतात ती मालक मंडळी, तीही एका दुपारी आणि परस्परांच्या चुरशीत. खेळाडू तेथे बोली लावीत नसतो. ज्या समाजात पोराला शहरात नोकरी लागली की गावभर तिचा पगार विचारला जातो, त्या समाजात हे स्वाभाविक असेल, पण खेळाच्या समीक्षेत त्याला स्थान नाही. सिद्धार्थची चढाई चुकली तर ती का चुकली, उंची आणि ताकद असूनही कोपऱ्यातल्या रक्षकाने त्याचा चवडा कसा साधला, हे बोलावे. किंमत बोलू नये.

इतका जाणता प्रेक्षक ज्या मुलखात आहे, तेथे ही लीग अद्याप एकदाही उतरलेली नाही. बारावे पर्व विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत झाले. ज्या महाराष्ट्राचे दोन संघ आहेत तेथे एकही सामना नाही, आणि ज्या बंगळूरचा एक आहे तेथेही नाही. बेळगाव पुणे-बंगळूर महामार्गावर आहे, विमानतळ आहे, आणि दोन्ही भाषांत ओरडून घसे बसवणारा प्रेक्षक तर अमाप आहे. तेव्हा पुणेरी पलटण आणि बंगळूर बुल्स यांच्या चालकांना येथून जाहीर दरखास्त अशी की त्यांनी पुढल्या पर्वापूर्वी एकत्र येऊन बेळगावात निदान एक सराव सामना भरवावा, आणि तिकिटे छापताना डाव्या कोपऱ्याकडची आसने थोडी जास्त ठेवावीत.