नाव कोरलेलं नाणं मोडीत घालू नका



चांदीचा भाव चढला की जुने रुपये कपाटातून बाहेर निघतात. ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, सराफाचं बोलणं एकच : "ताई, ओरखडे आहेत, मोडीतच जाईल." माझं म्हणणं, आधी ते ओरखडे भिंगाखाली वाचून बघा.

काही ओरखडे अक्षरं असतात. इंग्लंड-अमेरिकेत नाण्याची एक बाजू घासून त्यावर आद्याक्षरं कोरायची आणि आपल्या माणसाला द्यायचं, अशी जुनी रीत होती. दोन्ही महायुद्धांत सैनिकांनी तेच केलं. छावणीत हाताशी दुसरं असणार काय? खिशातल्या नाण्याची अंगठी नाहीतर ब्रूच करून तिच्यासाठी पाठवायची.

युद्ध आपल्या दारापर्यंतही आलं होतं. आजचं उल्हासनगर म्हणजे तेव्हाचा कल्याण कॅम्प, सैनिकांचा तळ. नेवाळीला विमानांची धावपट्टी होती. आपल्या घरांत मात्र 'प्रेयसी' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. नवऱ्याचं नावसुद्धा उखाण्यातच. पण नाव कोरायची हौस आपल्याला कमी का आहे? लग्नातली पातेली बघा! आणि नाणं गळ्यात घालणं तर पुतळ्यांच्या माळेपासून आपलंच. १९४३ पासून तांबं वाचवायला सरकारने पैशालाच मधोमध भोक पाडलं, दोऱ्यात ओवायला आयतंच.

आता हिशेब. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. युद्धामुळे १९४० पासून त्यातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. म्हणजे सहाव्या जॉर्जच्या त्या रुपयात सहा ग्रॅमही चांदी नाही, वर सराफ घट कापणार ती वेगळीच. एवढ्यासाठी कुणाचं नाव वितळवायचं?

कोणी म्हणेल, अपरिग्रहाचं काय? परिग्रह आपण मोहाने मोजतो, तोळ्याने नाही. दर धनतेरसला नवे चांदीचे ग्लास घेताना हा प्रश्न पडत नाही, आजेसासूबाईंच्या एका रुपयापाशी बरा पडतो! युद्धाची वस्तू अहिंसेच्या घरात कशाला, असंही कुणी विचारेल. मला ती युद्धाची वाटतच नाही. माणूस जिवंत परत यावा म्हणून कुणीतरी ते नाणं जपलेलं असतं.

एक मात्र करा. रांगोळी किंवा दातांची पावडर लावून ते घासू नका, उथळ अक्षरं आधी जातात. मऊ सुती कापडाने पुसा आणि वेगळ्या डबीत ठेवा. घरातल्या थोरल्या बायकांना विचारून नाणं कुणाचं, कुठून आलं, ते चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्याच डबीत घाला. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबू नका. सांगणाऱ्या आता फार थोड्या उरल्यात.