दोष मुलांचा नव्हे, नफेखोरीचा

व्हिडिओ गेममुळे मुले हिंसाचारी बनतात, असा कंठशोष आपले सुखवस्तू नीतिवादी करीत असतात. या आरोपास पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये स्पष्ट केले. खरा धोका निराळाच आहे. अनेक खेळांत पैसे मोजून बंद पेटी विकत घ्यावयाची. आत काय निघेल, ते नशिबावर! अधूनमधून, अवचित मिळणाऱ्या बक्षिसाची चटक सर्वांत चिवट असते, हे स्किनरने कबुतरांवरील प्रयोगांतून दाखविले होते. तोच सापळा आज बालमनाला लावला जात आहे. श्रमापेक्षा डाव लागणे मोठे, हा भांडवलशाहीचा पहिला धडा मुले येथेच गिरवितात. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरविले. ‘फोर्टनाइट’च्या मालक कंपनीला, फसव्या रचनेने खरेदी करावयास लावल्याच्या आरोपावरून, 2022 मध्ये अमेरिकेत 24.5 कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्याचे मान्य करावे लागले. मग मुलाचा कान पिरगाळून काय साधणार? हात घालावयाचा तो या नफ्याला! पेट्यांच्या विक्रीवर बंदी आणि वस्तीवस्तीत खेळाचे मैदान, या दोन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी घरोघरी गेले पाहिजे.